संतावरची नोंद कशी सुधारावी? जस्टिनच्या निमित्ताने



मागच्या व्याख्यानानंतर एका तरुण श्रोत्याने मला दोन पानं आणून दिली. एका ज्ञानकोशातली 'संत जस्टिन' ही नोंद त्याने छापून आणली होती. म्हणाला, "सर, ही मला सुधारायची आहे. काय भर घालू?" मी ती पानं घरी नेली, दोन-तीनदा वाचली. आज त्या नोंदीबद्दलच बोलतो. अशा नोंदी पुष्कळ आहेत आणि त्यांचे दोषही साधारण सारखेच असतात.

ज्यांना जस्टिन माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. हा दुसऱ्या शतकातला ख्रिस्ती तत्त्वज्ञ. फ्लाव्हिया निआपोलिस, म्हणजे आजचं नाब्लुस, इथे सुमारे इ.स. १०० मध्ये जन्मला. पुढे रोमला येऊन शिकवू लागला. तिथेच सुमारे १६५ मध्ये त्याचा शिरच्छेद झाला. त्याची दोन 'समर्थनं' आणि 'ट्रायफोशी संवाद' एवढे ग्रंथ आज त्याचे म्हणून सर्वसाधारणपणे मानले जातात. त्याला 'जस्टिन मार्टर' म्हणतात, पण ते काही त्याचं आडनाव नव्हे. या ग्रीक शब्दाचा मूळ अर्थ साक्षीदार. आपल्याकडच्या ख्रिस्ती लेखनात त्यासाठी 'रक्तसाक्षी' असा शब्द आढळतो, आणि मला तो 'हुतात्मा'पेक्षा मुळाला जवळचा वाटतो.

आता नोंद. तिच्यात एक वाक्य आहे : क्रेसेन्स नावाच्या तत्त्वज्ञाने वादात हरल्यामुळे कट करून जस्टिनला मारवलं. सरळ, ठाम वाक्य. कोण म्हणतं, कधी म्हणतं, काही नाही. आणि मी हे हसण्यावारी नेऊ शकत नाही, कारण हेच वाक्य मी स्वतः वर्गात कितीतरी वर्षं सांगत आलो. एका पाठ्यपुस्तकात वाचलं होतं, मूळ उघडून पाहिलं नव्हतं. निवृत्त झाल्यावर पाहिलं, तेव्हा शरम वाटली.

मुळात काय आहे ते क्रमाने बघू या. पहिला साक्षीदार खुद्द जस्टिन. दुसऱ्या समर्थनात तो म्हणतो की माझ्याविरुद्ध कुणीतरी डाव रचेल अशी माझी अपेक्षा आहे, कदाचित हा क्रेसेन्सही रचेल. क्रेसेन्स सिनिक पंथाचा. त्याला ज्ञानाची आवड नसून गोंगाटाची आवड आहे, अशी ग्रीक शब्दावर कोटी करून जस्टिन त्याची टरही उडवतो. म्हणजे इथे फक्त भीती आहे, आणि तीही प्रतिपक्षाची.

दुसरा साक्षीदार त्याचा शिष्य टेशियन. तो म्हणतो की क्रेसेन्सने जस्टिनला मृत्यूच्या खाईत लोटायचा प्रयत्न केला. प्रयत्न! तो सफल झाला, असं टेशियन म्हणत नाही. तिसरा युसेबियस, चर्चचा इतिहासकार, चौथ्या शतकाच्या सुरुवातीचा. तो या दोघांचीच वचनं देतो आणि निष्कर्ष काढतो की जस्टिन क्रेसेन्सच्या कटामुळे मेला. दीडशे वर्षांनी.

आणि चौथा पुरावा म्हणजे जस्टिनच्या खटल्याचा वृत्तांत. तो तीन पाठांत उपलब्ध आहे. त्यातला सर्वांत छोटा पाठ सर्वांत जुना आणि न्यायालयीन नोंदीला सर्वांत जवळचा मानतात. त्यात क्रेसेन्सचं नावसुद्धा नाही.

बघा काय झालं. 'करेल' होतं, त्याचं 'करू पाहिलं' झालं, मग 'केलं' झालं, आणि ज्ञानकोशात येईपर्यंत कारणासकट गुन्हा शाबीत! नवा पुरावा मात्र एकाही पायरीवर आलेला नाही. क्रेसेन्स निर्दोष होता असं मी म्हणत नाही. तो कदाचित दोषीही असेल. पण अठराशे वर्षांपूर्वी मेलेल्या माणसाला आपली बाजू मांडायला येता येत नाही, म्हणून आपण त्याच्यावर खुनाचा आळ पक्का करायचा का? तो संताचा वैरी होता एवढं पुरेसं आहे का?

आपल्या न्यायदर्शनात शब्दप्रमाणाची चर्चा आहे, ती इथे उपयोगी पडते. ज्याने गोष्ट प्रत्यक्ष जाणली आहे आणि जशी जाणली तशी सांगायची ज्याची इच्छा आहे, तो आप्त. आणि वात्स्यायन पुढे म्हणतो की हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या सगळ्यांना सारखंच लागू आहे. म्हणजे सांगणारा कोण यावरून सूट नाही. संताला नाही, संताच्या इतिहासकाराला तर नाहीच नाही.

दुसरा मुद्दा न्यायाधीशाचा. नोंदीत फक्त 'क्रूर रोमन अधिकारी' एवढंच आहे. अहो, हा युनियस रुस्टिकस! रोमचा नगरप्रमुख, स्टोइक विचारांचा, सम्राट मार्कस ऑरेलियसचा गुरू. मार्कसने आपल्या चिंतनांच्या पहिल्याच भागात त्याचे आभार मानलेत, एपिक्टेटसचं लेखन त्याने वाचायला दिलं म्हणून. खटल्यात तो जस्टिनला विचारतो की तुझं डोकं उडवलं तर तू स्वर्गात जाशील असं तुला वाटतं का? जस्टिनचं उत्तर असं की वाटत नाही, माझी पक्की खात्री आहे. मग देवांना बळी अर्पण करायची आज्ञा, नकार, आणि जस्टिनसह सात जणांना मृत्युदंड. 'क्रूर' म्हणून टाकलं की विषय संपतो. पण विवेकाचं तत्त्वज्ञान सांगणारा माणूस विवेकाबद्दलच बोलणाऱ्या दुसऱ्याला शांतपणे मरणाची शिक्षा देतो, हे कसं होतं? हा प्रश्न नोंद वाचणाऱ्यापुढे यायला हवा.

तिसरा मुद्दा, संताच्या चुकीचा. पहिल्या समर्थनात जस्टिन सांगतो की रोममध्ये टायबर नदीवर सायमन नावाच्या जादूगाराचा देव म्हणून पुतळा आहे. १५७४ मध्ये टायबरमधल्या बेटावर एका पुतळ्याचा चौथरा सापडला. त्यावर लेख आहे 'सेमो सँकस' या जुन्या रोमन देवतेच्या नावाने. 'सेमोनी'चं त्याने 'सिमोनी' वाचलं, असं बहुतेक अभ्यासक मानतात. आमच्या नोंदीत याचा उल्लेखच नाही. लपवलं असेल, भक्तिभावाने. पण यात लपवण्यासारखं काय आहे? परमुलखातून आलेला माणूस, लॅटिन पाटी घाईत वाचली, चुकला. या चुकीमुळे तो मला जास्त जवळचा वाटतो. शिवाय त्याची इतर विधानं कशी तोलायची तेही कळतं.

त्याच्या धर्मांतराच्या कथेचंही असंच. स्टोइक गुरू, मग फी मागणारा ॲरिस्टॉटलपंथी, मग आधी संगीत, खगोल, भूमिती शिकून ये म्हणणारा पायथागोरसपंथी, मग प्लेटोपंथी, आणि शेवटी समुद्राकाठी भेटलेला म्हातारा. कथा फार छान आहे. पण ती त्याच्या 'संवादा'त येते आणि एकामागून एक गुरू करत जाण्याचा हा साचा त्या काळच्या लेखनात रूढ होता. नोंदीत 'जस्टिन असं सांगतो' एवढे तीन शब्द घातले तरी काम होतं.

आणि मग जागा उरते ती त्याच्या विचाराला. नोंदीत चमत्कार, सणाची तारीख, चर्चची नावं यांना दीड पान आहे आणि विचाराला एक ओळ! जस्टिनचं म्हणणं असं की ईश्वरी विवेकाचं, 'लोगोस'चं, बीज सगळ्या माणसांत पेरलेलं आहे. म्हणून हेराक्लिटस आणि सॉक्रेटिस यांच्यासारखे जे विवेकाने जगले ते ख्रिस्ताच्या आधीचे असूनही ख्रिस्तीच. यात औदार्य आहे, आणि दुसऱ्याच्या घरातलं चांगलं ते आमचंच म्हणून उचलायची वृत्तीही आहे. आपल्याकडेही असे दावे काही कमी होत नाहीत, तेव्हा आपल्याला हा वाद समजायला जड जाऊ नये. नोंदीने दोन्ही बाजू दाखवाव्यात, निकाल वाचकावर सोडावा.

त्या श्रोत्याला मी शेवटी एवढंच सांगितलं : भर नंतर घाल. आधी प्रत्येक वाक्यापाशी थांब आणि विचार, हे कोण म्हणतं आणि त्याला कसं कळलं? ज्याचं उत्तर मिळेल ते ठेव, उत्तरासकट ठेव. नाही मिळालं तर वाक्य काढ. नोंद निम्मी झाली तरी चालेल. तो जरा हिरमुसला. पण परवा त्याने नवा मसुदा पाठवला. क्रेसेन्सवरच्या एका वाक्याची आता चार वाक्यं झालीत, चारही साक्षीदारांच्या नावांनिशी. बाकी नोंद अजून तशीच आहे, पण सुरुवात योग्य जागी झाली.

थांबतो.