रोमांच : संगीतसमीक्षेतील पुरावा की प्रश्न?

प्रास्ताविक :
मैफलींच्या परीक्षणांत ‘अंगावर काटा उभा राहिला’ किंवा ‘डोळे पाणावले’ अशी वाक्ये हमखास आढळतात. एवढ्याने गायनाची थोरवी सिद्ध झाली, असे मानून समीक्षक पुढे जातो. प्रस्तुत लेखात या गृहीतकाची तपासणी मारवा रागाच्या आधारे केली आहे.

परंपरेतील विचार :
भरताच्या नाट्यशास्त्रात स्तंभ, स्वेद, रोमांच, स्वरभेद, वेपथू, वैवर्ण्य, अश्रू आणि प्रलय असे आठ सात्त्विक भाव सांगितले आहेत. तेथे त्यांचा संदर्भ प्रामुख्याने नटाच्या अभिनयाचा आहे. रसिकाच्या देहाकडे लक्ष वेधतो तो अभिनवगुप्त. आस्वादातील ‘चमत्कार’ स्पष्ट करताना तो कंप, पुलक आदी विकारांचा निर्देश करतो. देहाची प्रतिक्रिया म्हणजे केवळ भाबडेपणा नव्हे, हे यावरून लक्षात येते.

आधुनिक संशोधन :
ॲन ब्लड आणि रॉबर्ट झटोरे यांनी २००१ मध्ये श्रोत्यांनी स्वतः निवडलेले संगीत ऐकवून मेंदूचा अभ्यास केला. रोमांचाच्या वेळी सुखानुभवाशी संबंधित केंद्रे कार्यरत होतात, असे त्यांना आढळले. व्हॅलरी सलीमपूर आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये दाखवून दिले की, डोपामाइन केवळ उत्कट क्षणीच नव्हे, तर त्या क्षणाच्या प्रतीक्षेतही स्रवते. समीक्षेच्या दृष्टीने ‘प्रतीक्षा’ हा शब्द महत्त्वाचा आहे.

मारव्याचे उदाहरण :
मारव्यात पंचम वर्ज्य असून कोमल रिषभ व शुद्ध धैवत यांचे प्राबल्य असते. तंबोऱ्याची पहिली तार बहुधा निषादावर मिळवलेली असते. षड्ज तंबोऱ्यातून अखंड निनादत असतो. गायक मात्र तो वारंवार टाळतो, ओलांडतो. श्रोत्याच्या कानात असलेला आधार गळ्यातून मिळत नाही. उस्ताद अमीर खाँ (१९१२–१९७४) यांच्या मारव्याच्या ध्वनिमुद्रिकेत विलंबित लयीमुळे ही अस्वस्थता अधिकच दीर्घ होते. म्हणूनच अखेर लागणारा षड्ज सुटकेसारखा भासतो. पूरियाचे स्वर हेच. परंतु तेथे गंधार-निषादांना महत्त्व असल्याने परिणाम निराळा होतो. अर्थात, काटा स्वरात नसून स्वरांच्या योजनेत दडलेला असतो.

मर्यादा :
ज्याच्या कानात षड्ज स्थिरावलेला नाही, त्याला त्याची अनुपस्थिती जाणवणार नाही. एखाद्याचे डोळे भरून येतात ते गाण्याशी निगडित खासगी आठवणीनेही. शिवाय मास-हेरेरो आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये अशा निरोगी व्यक्तींची नोंद केली, ज्यांना इतर गोष्टींतून सुख मिळते. संगीतातून मात्र मिळत नाही. त्यामुळे रोमांच न येणे हे गायकाचे अपयश ठरत नाही, की श्रोत्याचे अरसिकत्वही.

निष्कर्ष :
रोमांच हा गुणवत्तेचा दाखला नव्हे. तो समीक्षकापुढील पहिला प्रश्न होय. काटा कोणत्या स्वरावर आला, त्यापूर्वी काय रोखून धरले होते आणि कोणत्या श्रवणसंस्कारामुळे ते जाणवले, याची उत्तरे परीक्षणात आली पाहिजेत. ती न आल्यास परीक्षणात समीक्षकाच्या देहाची वार्ता तेवढी उरते. गाणे मात्र अनुच्चारितच राहते.