पायात ठेवलेलं हाड

हाताचा तुटलेला अंगठा पायाच्या बोटाने भरून काढायची कल्पना जुनी आहे. ऑस्ट्रियात कार्ल निकोलाडोनींनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हात आणि पाय काही आठवडे एकमेकांना जखडून ती अमलात आणली. मायक्रोस्कोपखाली रक्तवाहिन्या जोडता येऊ लागल्यावर इंग्लंडमध्ये जॉन कॉबेट यांनी १९६८ साली पायाचा सबंध अंगठा हातावर नेला. मला मात्र सर्वांत देखणी वाटते ती मेलबर्नच्या वेन मॉरिसन आणि सहकाऱ्यांनी १९८० मध्ये मांडलेली रचना, तीही तिच्यातल्या संयमासाठी. त्यांनी पायाच्या अंगठ्याचं हाड घेतलंच नाही. नखासकट कातडी, तिच्याखालचा मांसल भाग, रक्तवाहिन्या आणि नसा एवढंच उचललं, आणि कमरेच्या हाडाचा तुकडा हातावर बसवून त्याभोवती ते गुंडाळलं.

पायाचीच कातडी का? पोटाची किंवा जांघेची लावली तर जखम झाकते, पण चिमटीत काही धरलं की ती हाडावरून सरकते. तळपायाची कातडी तळहाताच्याच जातीची: बिनकेसांची, बारीक रेषांची, खालच्या चरबीशी चिवट तंतूंनी बांधलेली. शिवाय तिला स्वतःच्या नसा असतात. जाणीव नसलेल्या अंगठ्याने शर्टाचं बटण लावायचं तर नजर तिथून हलवता येत नाही.

दाद द्यावी अशी आणखी एक जागा आहे. पायाच्या अंगठ्याच्या आतल्या कडेची एक पट्टी, रक्तपुरवठा आणि नस यांसह, मुद्दाम सोडलेली असते. तिच्यामुळे घेराने मोठा असलेला हा अंगठा हातावर बेताचा होतो आणि पायालाही जिवंत कातडी उरते. नखही दुसऱ्या हाताच्या मापाने अरुंद करतात.

या रचनेत उणं आहेच. नव्या अंगठ्याचं वरचं पेर वाकत नाही, म्हणून बुडाचा सांधा शाबूत असेल तिथेच ती शोभते. कमरेचं हाड कालांतराने झिजतं, तेव्हा पुढच्या सर्जनांनी पायाच्या टोकाच्या हाडाचा थोडा भाग सोबत घेतला. मूळ कल्पनेला ही दुरुस्ती मला मानवते.

जोडलेली नस दिवसाला जेमतेम एक मिलिमीटर वाढते. वाढणारे तंतू हाताच्या नसेचे असतात, त्यामुळे पायाच्या कातडीला झालेला स्पर्श मेंदूत अंगठ्याच्याच जागी पोचतो. सुरुवातीला तो अस्पष्ट असतो. मग रुग्णाला डोळे मिटून नाणं, किल्ली, कापडाचा पोत ओळखायचा सराव महिनोन्‌महिने करावा लागतो.