विन्स्लो होमरचे ‘नॉर्थईस्टर’ : आश्रयाचा लोप आणि रसपालट

सागरचित्राचे मूल्यमापन करताना लाट कितपत हुबेहूब उतरली आहे, हा प्रश्न सामान्यतः प्रथम विचारला जातो. तो गैर नाही. परंतु अपुरा आहे. पाण्याचा भास निर्माण करणे हे कौशल्याचे काम होय. त्या पाण्यासमोर प्रेक्षकास कोठे उभे करावयाचे, हे ठरविण्यातच चित्रकाराची खरी कसोटी लागते. अमेरिकन चित्रकार विन्स्लो होमर (१८३६–१९१०) याचे ‘नॉर्थईस्टर’ हे तैलचित्र या दृष्टीने विशेष अभ्यसनीय आहे. कारण या प्रश्नाचे उत्तर त्याने एकाच कॅनव्हासवर दोनदा दिले आहे.

१८८३ मध्ये होमर मेन राज्यातील प्राउट्स नेक या खडकाळ भूशिरावर वास्तव्यास गेला. ईशान्येकडून येणाऱ्या वादळास त्या किनाऱ्यावर ‘नॉर्थईस्टर’ म्हणतात. १८९५ साली चित्र प्रथम सिद्ध झाले तेव्हा खडकावर वादळी पोशाखातील दोन माणसे अंग चोरून बसलेली होती, आणि तुषारांचा लोट आजच्यापेक्षा लहान होता. १९०१ पर्यंत होमरने ती माणसे रंगाखाली लुप्त केली व तो लोट वाढविला. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आज आहे ते हेच दुसरे रूप.

रसव्यवस्थेच्या परिभाषेत या फेरफाराचा अर्थ नेमका सांगता येतो. पहिल्या रूपात समुद्र हा आलंबन, तुषार व वारा हे उद्दीपन, आणि ती दोन माणसे भयाचा आश्रय होती. त्यांचे काय होईल, ही चिंता प्रेक्षकाच्या मनात उद्भवणे स्वाभाविक होते. म्हणजे चित्रात एक कथा होती. होमरने आश्रय काढून घेतला व उद्दीपन वाढविले. आता कोणाचाच जीव धोक्यात नाही. भयाला धरून राहावयास पात्र उरले नाही, आणि त्याच्या जागी विस्मय आला. भयानकाचे हे अद्भुतात झालेले रूपांतर हेच या चित्राचे मर्म होय.

यावर एक आक्षेप संभवतो. माणसे गेली तसे लाटेच्या उंचीचे मापही गेले. मग तिची भव्यता कशावरून प्रतीत व्हावी? याचे उत्तर रचनेत आहे. पुढील बाजूस तिरपा पसरलेला काळसर खडक येणाऱ्या लाटेला आडवा जातो. लाटेच्या पोटातील गडद हिरवा रंग आणि शिखरावरील जाड पांढरा फेस यांच्या विरोधातून पाण्याचे वजन जाणवते. उंची मोजता येत नाही. पण भार जाणवतो. शिवाय त्या खडकावरची मोकळी जागा आता प्रेक्षकाची झाली आहे. तेथे त्याच्या पायांखाली आधार आहे. म्हणूनच त्याचा विस्मय लौकिक भीतीत बुडून जात नाही.

वाढविलेला तुषारस्तंभ मात्र किंचित प्रदर्शनी वाटतो. लाटेचे सामर्थ्य तिच्या पोटातील गडद हिरव्या रंगानेच सिद्ध केलेले असताना त्याची एवढी ग्वाही आवश्यक नव्हती. तथापि हा दोष गौण होय. पूर्ण झालेल्या चित्रातून सर्वांत सहज रंजक असलेला अंश पुसून टाकण्याचा निर्णय त्याहून कितीतरी मोलाचा आहे. सागरचित्राच्या अभ्यासकाने प्रथम तोच ध्यानी घ्यावा.