'आम्ही' म्हणजे कोण?
हंगेरियन शब्दाला प्रत्यय जोडत जाते, माओरी सुटे शब्द मांडते. बहुतेक टिपणे एवढे सांगून थांबतात. हे बरोबर आहे, पण अपुरे आहे. तुम्ही 'आम्ही' हा शब्द तपासा. हंगेरियनमध्ये एकच 'मि'. माओरीत ऐकणाऱ्याला धरून दोघे 'ताउआ', त्याला वगळून दोघे 'माउआ'. तीन किंवा अधिक जण असतील तर 'तातोउ' आणि 'मातोउ'. मराठीत 'आपण' आणि 'आम्ही'. इथे जयपूरला, शास्त्री नगरात, हिंदी बोलताना मला 'हम'वरच भागवावे लागते. राजस्थानीत मात्र 'आपां' आणि 'म्हे' वेगळे आहेत. एवढ्यावरून मराठीला माओरीची बहीण म्हणू नका. माओरी ऑस्ट्रोनेशियन, हंगेरियन युरालिक, मराठी इंडो-युरोपीय. नाते ठरते ते ध्वनींच्या नियमित जुळणीवरून. पण 'हम आएँगे' माओरीत नेण्याआधी तुम्हाला विचारावेच लागेल: ऐकणाराही येणार आहे का, आणि एकूण किती जण?