आधी पाहणी, मग बांधणी

‘पर्यावरणावरील परिणाम’ हा विषय शिकवताना आपण बहुधा फळ्यावर एक यादी लिहितो : झाडे तुटतात, पाणी दूषित होते, माणसे विस्थापित होतात. यादी खोटी नसते. पण परिणाम किती, कोणावर आणि तो मोजायचा कसा, हे तिच्यातून कळत नाही. ते समजून घ्यायचे असेल तर शिक्षकांनी एक जुना अहवाल जरूर वाचावा. सरदार सरोवर प्रकल्पाची तपासणी करण्यासाठी जागतिक बँकेनेच १९९१ मध्ये एक स्वतंत्र समिती नेमली. ब्रॅडफर्ड मोर्स तिचे अध्यक्ष व टॉमस बर्गर उपाध्यक्ष होते. जून १९९२ मध्ये आलेला तिचा अहवाल ‘मोर्स अहवाल’ म्हणून ओळखला जातो.

धरण गुजरातेत असले तरी बुडिताच्या २४५ गावांपैकी ३३ गावे आजच्या नंदुरबार जिल्ह्यातली, अक्कलकुवा व अक्राणी तालुक्यांतली. (हा जिल्हा १ जुलै १९९८ रोजी वेगळा झाला, म्हणून अहवालात ‘धुळे’ हेच नाव भेटते.)

अहवालाचा मुख्य आक्षेप क्रमाविषयी आहे. बँकेने ४५ कोटी डॉलर देण्याचा करार १९८५ मध्ये केला. केंद्र सरकारची पर्यावरणविषयक मंजुरी मिळाली १९८७ मध्ये, तीही सशर्त. राहिलेले अभ्यास १९८९ पर्यंत पुरे करायचे होते. ते झाले नाहीत, बांधकाम मात्र चालू राहिले. अभ्यास आणि बांधकाम बरोबरीने चालवू, असे म्हणण्यात आले. समितीचे म्हणणे साधे आहे : भिंत उभी राहिल्यावर केलेला अभ्यास निर्णय बदलू शकत नाही, तो फार तर झालेल्या निर्णयाची नोंद करतो.

दुसरा धडा सीमेचा. परिणाम कुठपर्यंत मोजायचा? जलाशयापुरता मोजला तर बाधितांची संख्या समितीच्या अंदाजाने किमान एक लाख भरते. पण कालव्यांच्या जाळ्यात जमीन जाणारे सुमारे १ लाख ४० हजार शेतकरी त्याबाहेर राहतात. धरणाखाली भरूचपर्यंत हिल्सा माशावर जगणारे मच्छीमारही राहतात. रेषा कोठे आखली यावर उत्तर ठरते, हे विद्यार्थ्यांना दाखवायला याहून चांगले उदाहरण मिळणे कठीण.

आपल्या जिल्ह्याच्या दृष्टीने सर्वांत बोलके प्रकरण तळोद्याच्या जंगलाचे. महाराष्ट्रातील विस्थापितांना वसवण्यासाठी तेथील सुमारे ४,२०० हेक्टर वनजमीन मोकळी करण्यात आली. त्या जमिनीतील काही भाग आधीपासूनच तेथले आदिवासी कसत होते. म्हणजे एका परिणामावर योजलेल्या उपायातून दुसरा परिणाम जन्मला. जंगल गेले आणि विस्थापितांची गाठ तेथल्या कसणाऱ्यांशी पडली. उपायाचीही पाहणी करावी लागते, ही गोष्ट पाठ्यपुस्तकांत क्वचितच येते.

अहवालात उणिवा नाहीत असे नाही. प्रकल्पाच्या फायद्यांचा पूर्ण हिशेब तो मांडत नाही. ते समितीचे कामच नव्हते. त्यामुळे एकट्या याच अहवालावरून धरण योग्य की अयोग्य हे ठरवता येणार नाही. पिण्याच्या पाण्याच्या योजनांबद्दल त्याने शंका घेतली होती. पुढे नर्मदेचे पाणी सौराष्ट्र-कच्छपर्यंत पोहोचले, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. माहितीच्या अभावी धरणाखालच्या नदीविषयीची काही विधाने अंदाजावर थांबतात. तरीही माहिती नाही तेथे ‘माहिती नाही’ असे स्पष्ट लिहिणे, हे या अहवालाचे बळच म्हणावे लागेल.

पुढे काय झाले? मार्च १९९३ मध्ये भारत सरकारने उरलेले कर्ज घ्यायचे नाही असे ठरवले. १८ ऑक्टोबर २००० रोजी सर्वोच्च न्यायालयाने बांधकामास परवानगी दिली. २०१९ मध्ये जलाशय प्रथमच १३८.६८ मीटरच्या पूर्ण पातळीपर्यंत भरला. अहवालाने धरण थांबले नाही. पण प्रश्न विचारण्याची रीत मागे राहिली.

ती रीत नदीकाठापुरती नाही. नंदुरबार, शहादा, तळोदा, नवापूर अशा गावांचे विकास आराखडे १९६६ च्या नगररचना कायद्याखाली तयार होतात व त्यांवर नागरिकांच्या हरकती मागवल्या जातात. २००६ च्या केंद्रीय अधिसूचनेनुसार पर्यावरण मंजुरी लागते ती मात्र २० हजार चौरस मीटर वा अधिक बांधकाम असलेल्या प्रकल्पाला. भर बाजारपेठेत त्याहून लहान अशी दहा संकुले उभी राहिली, तर दहांचा मिळून परिणाम मोजण्याचे बंधन कोणावर नाही. रेषा कोठे आखली, हाच प्रश्न पुन्हा!

तो मोजणे वर्गालाही जमेल. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. एक हेक्टर मोकळ्या जागेवर ५० मिलिमीटर पाऊस पडला, तर पाच लाख लिटर पाणी होते. आज त्यातले काही जमिनीत मुरते. त्या जागेवर सिमेंट पडले, की जवळजवळ सगळे वाहू लागणार. ते कोणत्या गटारात जाईल आणि शेवटी कोणाच्या दारात साचेल? गावच्या आराखड्याचा नकाशा भिंतीवर लावून विद्यार्थ्यांना हे शोधू द्यावे. हरकतींची मुदत संपण्यापूर्वी हा तास झाला, तर तो नुसता भूगोलाचा तास राहणार नाही.