घर टिकलं, पण कुणाचं?

सगळ्यांना दिलं तर तिजोरी किती दिवस पुरणार? पाळी सुटली की चहाच्या गाडीवर हाच सवाल. दोस्तहो, स्वीडन बघा.

आल्वा आणि गुन्नार मिर्दाल या जोडप्यानं १९३४ साली लोकसंख्येच्या संकटावर पुस्तक लिहिलं. पोराबाळांचा खर्च सगळ्या समाजानं उचलावा, हा त्यांचा मुद्दा. मुद्दा खरा. १९९० नंतर तिथं बेकारी दोन टक्क्यांखालून आठाच्या वर गेली. खर्चाला कात्री लागली, १९९८ साली पेन्शनचा हिशेब बदलला, पण डोलारा कोसळला नाही. दवाखाना-शाळा श्रीमंताच्याही कामाची, म्हणून तोही कर भरतो. खैरात आटते, हक्क टिकतो.

पण हेच पुस्तक 'नालायक' ठरवलेल्यांची नसबंदीही मागतं! त्याच साली तसा कायदा झाला. १९७५ पर्यंत सुमारे ६३,००० माणसांची नसबंदी झाली. त्यात बाया जास्त, आणि पुष्कळांवर जबरदस्ती. भरभराटीच्या वर्षांतही हे चालूच राहिलं. मग पैशाचं कारण कसं सांगणार?

म्हणून 'टिकेल का' हा सवाल अर्धाच. उंबऱ्याच्या आत कोण, बाहेर कोण, हे ठरवतं कोण? ते आधी विचारा.