हरित महासंगणनाची मोजपट्टी : एक चिकित्सा

प्रस्तावना

विज्ञानाच्या अनेक शाखांत आज महासंगणकाला प्रयोगशाळेइतकेच महत्त्व प्राप्त झाले आहे. मान्सूनचे पूर्वानुमान असो वा नव्या औषधाचा शोध, उच्चक्षमता संगणनावाचून संशोधनाचे पाऊल पुढे पडत नाही. मात्र या संगणनाला वीज लागते, त्या विजेची उष्णता होते आणि ती उष्णता बाहेर काढण्यासाठी पुन्हा वीज व पाणी खर्ची पडते. हा भार हलका करण्याचे प्रयत्न सुमारे दोन दशके चालू आहेत. त्यांचे यश ज्या मापांनी सांगितले जाते, त्या मापांची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. ही मापे खोटी नाहीत. परंतु त्यांच्या मर्यादेबाहेरचे निष्कर्ष त्यांच्याकडून वदवून घेतले जातात, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

ग्रीन ५०० : गुणोत्तर आणि बेरीज

१९९३ पासून वर्षातून दोनदा प्रसिद्ध होणारी टॉप ५०० ही यादी महासंगणकांची क्रमवारी केवळ वेगावर लावते. या एकांगीपणाला उत्तर म्हणून व्हर्जिनिया टेक येथील वू-चुन फेंग व कर्क कॅमेरॉन यांनी नोव्हेंबर २००७ मध्ये ग्रीन ५०० ही यादी सुरू केली. एका वॅटमागे सेकंदाला किती गणिती क्रिया होतात, हा तिचा निकष आहे. विजेचा प्रश्न यंत्ररचनाकारांच्या चर्चेत आणण्याचे मोठे श्रेय या यादीला द्यावे लागेल.

तथापि दोन यंत्रांची तुलना उद्बोधक ठरते. २००८ मध्ये लॉस अलामोस येथील 'रोडरनर'ने एक पेटाफ्लॉपचा, म्हणजे सेकंदाला एकावर पंधरा शून्ये इतक्या क्रियांचा टप्पा प्रथम ओलांडला. त्याला सुमारे २.३५ मेगावॅट वीज लागे. वॅटमागे सुमारे ४४ कोटी क्रिया होत. मे २०२२ मध्ये ओक रिज येथील 'फ्रंटियर'ने एक एक्साफ्लॉपचा, म्हणजे त्याच्या हजारपट टप्पा गाठला. त्या वेळी वॅटमागे सुमारे ५,२२० कोटी क्रिया नोंदल्या गेल्या. कार्यक्षमता सुमारे १२० पट वाढली. परंतु वीज २१ मेगावॅटवर, म्हणजे नऊपट गेली. नोव्हेंबर २०२४ मध्ये अग्रस्थानी आलेल्या 'एल कॅपिटन'ची वीज तर जवळपास ३० मेगावॅट आहे.

गुणोत्तर सुधारले, बेरीज वाढली. विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स या अर्थशास्त्रज्ञाने १८६५ मध्ये 'द कोल क्वेश्चन' या ग्रंथात वाफेच्या यंत्राविषयी हेच निरीक्षण मांडले होते : इंजिन काटकसरी झाल्याने कोळशाचा वापर घटत नाही, उलट वाढतो. पर्यावरणाला गुणोत्तर कळत नाही. वातावरणात साठते ती बेरीज.

परीक्षेतील गुण आणि प्रत्यक्ष काम

दुसरा आक्षेप मोजणीच्या पद्धतीविषयी आहे. ही कार्यक्षमता 'लिनपॅक' या चाचणीवर मोजली जाते. एकसामयिक रेषीय समीकरणांची प्रचंड मांडणी सोडविणे हे या चाचणीचे स्वरूप असल्याने प्रोसेसर अखंड कामात राहतो. हवामानाच्या प्रतिमानात मात्र प्रोसेसरचा पुष्कळ वेळ स्मृतीकडून विदा येण्याची वाट पाहण्यात जातो. अशा कामाशी अधिक जवळीक साधणाऱ्या एचपीसीजी या चाचणीत 'फ्रंटियर'चा वेग लिनपॅकमधील वेगाच्या एक-सव्वा टक्काच भरतो. वाट पाहणारा प्रोसेसरही वीज घेतच असतो, हे येथे विसरता येणार नाही.

पी.यू.ई.चा भ्रम

दुसरे लोकप्रिय माप 'पॉवर युसेज इफेक्टिव्हनेस' हे होय. द ग्रीन ग्रिड या संघटनेने २००७ मध्ये ते प्रचारात आणले. केंद्राच्या एकूण विजेला संगणकांच्या विजेने भागले की हा आकडा मिळतो. तो एकच्या जितका जवळ तितके केंद्र उत्तम. वातानुकूलनातील उधळपट्टी या मापाने उघडी पडली, हे मान्यच आहे. परंतु छेदस्थानी संगणकांचीच वीज असल्याने निरर्थक कामे चालवून ती वाढविली तरी हा आकडा सुधारू शकतो. आणि वापरकर्त्यांनी काटकसर केली तर बिघडू शकतो. बाष्पीभवनाने थंडावा साधला तर वीज वाचते, पाणी जाते. त्या पाण्याची नोंद या आकड्यात कोठेही नाही.

वीज कोठली?

फिनलंडमधील कयानी येथील 'लुमी' महासंगणक जलविद्युतीवर चालतो आणि त्याची उष्णता शहरातील घरे उबदार ठेवण्यासाठी वापरली जाते. उष्ण कटिबंधात अशा उष्णतेला गिऱ्हाईक नाही. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामान विज्ञान संस्थेत सप्टेंबर २०२४ मध्ये ११.७७ पेटाफ्लॉप क्षमतेचा 'अर्का' राष्ट्राला अर्पण करण्यात आला. मान्सूनच्या अंदाजासाठी असे यंत्र हवेच, याविषयी दुमत नसावे. परंतु भारतीय जाळ्यातील एका युनिटमागे सुमारे ०.७ किलोग्रॅम कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. त्या हिशेबाने अखंड चालणाऱ्या प्रत्येक मेगावॅटमागे वर्षाला सहा हजार टनांहून अधिक उत्सर्जन होते. हवामानबदलाचा अभ्यास करणारे संगणन त्या बदलात भर घालते, ही विसंगती कोणत्याही यादीतील क्रमांकाने झाकता येणार नाही.

खरेदीविना बचत

यावर नवे, अधिक कार्यक्षम यंत्र घेणे हाच उपाय मानला जातो. 'रोडरनर' अवघ्या पाच वर्षांत, मार्च २०१३ मध्ये, बंद झाला तेव्हा वीजखर्च हे त्याचे एक प्रमुख कारण होते. पण यंत्र घडविताना झालेले उत्सर्जन ग्रीन ५०० मोजत नाही. म्हणून एडिनबरो येथील 'आर्चर २'चे उदाहरण अधिक मोलाचे वाटते. तेथे २०२२ मध्ये यंत्राची अंतर्गत मांडणी बदलण्यात आली आणि प्रोसेसरची नेमून दिलेली गती २ गिगाहर्ट्झवर उतरविण्यात आली. ज्या कामांना याचा फार फटका बसे, त्यांना जास्त गतीची मुभा ठेवली. परिणामी विजेची मागणी सुमारे एक पंचमांशाने घटली. नवे यंत्र घ्यावे लागले नाही. बदलली ती वापराची रीत.

समारोप

ग्रीन ५०० आणि पी.यू.ई. ही दोन्ही मापे यंत्राची व इमारतीची परीक्षा घेतात. वापरकर्त्याला मात्र मोकळे सोडतात. हीच त्यांची मुख्य उणीव होय. प्रत्येक केंद्राने वर्षभराची एकूण वीज, पाणी व उत्सर्जन प्रसिद्ध करावे. प्रत्येक गणनेच्या शेवटी खर्च झालेली युनिटे संशोधकाला दिसावीत. आणि आपण प्राध्यापकांनी शोधनिबंधात ती नमूद करावीत. 'चालवून तर पाहू' म्हणून पुन्हा पुन्हा धाडलेल्या गणनांचा हिशेब आपल्याकडे कोणी मागत नाही, म्हणून तो आपणही ठेवत नाही. व्यापारी विदाकेंद्रांच्या तुलनेत संशोधनाचा वाटा लहान आहे, हे खरे. परंतु मोजमाप हा ज्यांचा धर्म आहे, त्यांनीच स्वतःचा खर्च मोजू नये, हे शास्त्राला शोभणारे नाही.